मालक हरवलेली बॅग

१

"ही जमा करून घ्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तपकिरी बॅग खिडकीच्या फळीवर आदळली. "बॅग सापडलीय. मालक हरवलाय."

'हरवले-सापडले'च्या खिडकीमागे बसलेल्या ताईंनी चष्मा नाकावरून वर सरकवला. एकतीस वर्षं त्या या खिडकीत बसत होत्या. स्टेशनात त्यांना सगळे सापडताईच म्हणत. त्यांच्या मागे फळ्यांवर छत्र्या होत्या, एकेकटे मोजे होते, कुणाची कवळी होती, कुणाची अर्धी विणलेली लोकर सुयांसकट होती. रोज सकाळी त्या फळ्यांवरून फडकं फिरवत आणि हळूच म्हणत, "येतील गं, येतील." वस्तू ऐकून घेत. बऱ्याचदा खरंच कुणीतरी येई.

आजवर लोक वस्तू मागायला आले होते. माणूस मागायला हे पहिलंच गिऱ्हाईक.

"मालक कोण?" ताईंनी विचारलं.

"माझे वडील."

बाईंच्या अर्ध्या केसांचा सुंदर अंबाडा झाला होता आणि अर्धे खांद्यावर मोकळे होते. कुणीतरी केस बांधत असताना मधेच उठून आल्या होत्या. डोळ्यांतलं काजळ मात्र जागच्या जागी होतं. रडायचं नाही असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं.

"आज सहा वाजता माझ्या मुलीचं लग्न आहे, समोरच्या हॉटेलच्या गच्चीवर. बाबांचं विमान दहाला उतरलं. हे आणायला गेले होते." त्यांनी मागे मान हलवली. तिथे एक जाडजूड गृहस्थ फुलांची टोपली छातीशी धरून उभे होते. "विमानतळावरून हे दोघं गाडीत बसले. यांना डुलकी लागली. शहर आलं तेव्हा बाबा नाहीत! हे गोंधळून फलाटावर शोधत फिरले. तेवढ्यात सामान घ्यायला गाडीवर आलेल्या हॉटेलच्या हमालाला रॅकवर ही बॅग दिसली. वर आमच्या हॉटेलची चिठ्ठी होती, म्हणून तो ती सरळ खोलीत घेऊन आला."

"वडिलांना फोन केलात?"

"केला. बॅगच वाजायला लागली."

फुलांच्या टोपलीमागून एक हुंकार आला. तो हसण्याचा होता की खोकल्याचा, ते कळलं नाही.

"पोलिसांत?"

"ते म्हणाले, सज्ञान माणूस आहे, संध्याकाळपर्यंत वाट बघा. मला वाट बघायची नाही, ताई. मला माहितीय ते कुठे आहेत. परत गेलेत. माझ्या लग्नाला आले नव्हते, तसेच हिच्याही येणार नाहीत. तेव्हा ड्युटी होती. आज काय निमित्त आहे देव जाणे. फोनवर म्हणाले होते, 'या वेळी चुकणार नाही.' बॅग पाठवली, झालं. ही तुमच्याकडे असू दे. माझ्याच्यानं त्या खोलीत ती बघवत नाही."

सापडताईंनी बॅगेवरून हात फिरवला. सुतळीची गाठ घट्ट होती, टोकं आत खोचलेली. "उघडू?"

बाईंनी खांदे उडवले.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला इस्त्रीचा शर्ट होता. नवा कोट होता, बाहीवरचा कागद अजून काढलेला नव्हता. रंगीत कागदात बांधलेली एक चपटी पेटी होती, वर थरथरत्या अक्षरात 'नातीस'. मोबाईल होता. बाईंच्या अक्षरातली हॉटेलच्या नावापत्त्याची आणखी एक चिठ्ठी होती. एका डबीत कानाचं यंत्र होतं.

"विमानात कान दुखतात म्हणून काढून ठेवतात," बाई म्हणाल्या. "मग घालायचं विसरतात. त्याशिवाय भोंगा वाजला तरी कळत नाही त्यांना."

सर्वांत खाली घरात घालायच्या जुन्या सपाता होत्या.

ताईंनी त्या सपाता हातात घेतल्या. अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता.

"ज्याला दारातूनच परत जायचंय, तो घरातल्या सपाता भरत नाही," त्या म्हणाल्या. "यांना मुक्काम करायचा होता. तुमचे वडील परत गेलेले नाहीत."

बाईंचा हात मोकळ्या केसांकडे गेला आणि तिथेच थांबला.

"आणखी एक," सापडताई फुलांच्या टोपलीकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही सासऱ्यांबरोबर आगगाडीत होतात ना? मग तुमच्या शर्टाच्या खिशातून विमानतळाच्या बसचं तिकीट का डोकावतंय?"

२

जावईबापूंनी टोपली खाली ठेवली. आता लपायला जागा उरली नाही.

"डुलकी लागली म्हणे!" बाई कडाडल्या. "सव्वीस वर्षं संसार केला मी या डुलकीबरोबर. कुठे सोडलंत त्यांना? भांडलात?"

"अगं, भांडलो नाही. उलट..."

"उलट काय?"

"त्यांनी शपथ घातली होती."

"शपथ गेली खड्ड्यात. बोला!"

सापडताईंनी आतून एक स्टूल सरकवलं. जावईबापू बसले, तसे जरा कमी जाडजूड दिसायला लागले.

"मी त्यांना गाडीत बसवलं. पहिल्या डब्यात, खिडकीशी. बॅग रॅकवर ठेवली. मी शेजारी बसणार तेवढ्यात ते म्हणाले, 'जावईबापू, एक मागू?' मी म्हटलं, मागा की. म्हणाले, 'मला एकट्याला जाऊ द्या. अडतीस वर्षं गाडीत घालवली. निवृत्त झाल्यापासून लेकीनं मला गाडीत एकट्याला बसू दिलेलं नाही. कुणी ना कुणी सोबत असतंच, पाण्याची बाटली पुढे करत. एकदा मला नुसतं बसायचंय.'" जावईबापूंनी नाक ओढलं. "वर म्हणाले, 'तिला सांगू नका, ओरडेल.' मग मी बसनं आलो. बस अडकली. पोचलो तर हॉटेलात नुसती बॅग."

"आणि तुम्ही मला डुलकी सांगितलीत."

"खरं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मीच त्यांना हरवलं."

"म्हणतेच आहे!"

पण आवाजातली धार गेली होती. सापडताईंना ते कळलं. त्यांनी फक्त विचारलं, "अडतीस वर्षं गाडीत म्हणजे? काय करायचे?"

"गार्ड होते," जावईबापू म्हणाले.

गार्ड म्हणजे गाडीच्या शेपटीला उभा राहणारा माणूस. ड्रायव्हर पुढे बघतो, गार्ड मागचं सगळं सांभाळतो. शेवटचा डबा लागलेला आहे ना, मागचा लाल दिवा पेटलाय ना, कुणी मागे राहिलं नाही ना. तो हिरवं निशाण दाखवतो तेव्हाच गाडी हलते. ताईंनी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत असे गार्ड पाहिले होते. मग गाड्या बदलल्या आणि ते निशाणासकट नाहीसे झाले.

"गाड्यांचं नाव काढू नका माझ्यासमोर," बाई पुटपुटल्या. "लहानपणी आम्हाला वाटायचं, बाबा आमचे नाहीतच, शेवटच्या डब्याचे आहेत."

हे ऐकलं आणि सापडताई एकदम वळल्या. मागच्या फळीवर, दुपारीच आलेल्या वस्तूंत, एक पांढरा रुमाल होता. निळ्या काठाचा. सफाईवाल्या मावशींनी आणून दिला होता आणि ताईंनी स्वतःच त्याला चिठ्ठी लावली होती.

'पहिला डबा, खिडकीची जागा. आसनावर नीट पसरलेला.'

बाईंनी रुमाल बघितला आणि ताईंच्या हातातून ओढून घेतला. निळा काठ त्यांनीच शिवला होता, अकरा वर्षांच्या असताना. टाके अजूनही वाकडेच होते.

३

"रुमाल पडलेला असता तर मी घाबरले असते," सापडताई म्हणाल्या. "पण हा पसरलेला होता. चारी कोपरे सरळ. रुमाल टाकून माणूस जागा धरतो ती परत येण्यासाठी. म्हणजे ते उठले ते आपल्या मनानं, आणि थोड्याच वेळासाठी. प्रश्न एवढाच, की धावत्या गाडीत उठून माणूस जाईल कुठे?"

त्यांनी त्या गाडीच्या तपासनिसाला बोलावून घेतलं. तो तिकिटं तपासायचं यंत्र गळ्यात अडकवून, डबा खात खातच आला.

"सापडताई, पोळीचा तुकडा तरी गिळू द्या."

"गीळ, आणि बोल. साडेदहाच्या पुढची विमानतळ गाडी. पहिला डबा, खिडकीशी म्हातारे गृहस्थ."

"हो की! विसरेन कसा? माझीच तपासणी घेतली त्यांनी." तपासनीस हसला. "मी तिकीट मागितलं, तर माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, 'पॉलिश नाही.' मग म्हणाले, 'किती डबे?' मी सांगितलं, आठ. तर म्हणाले, 'मागे कोण आहे?'"

"मागे कोण आहे?" ताईंनी शब्द परत उच्चारले.

"तेच तर! मला आधी कळलंच नाही. मग ध्यानात आलं. मोठ्यानं ओरडून सांगितलं, आजोबा, आता मागे कुणी नसतं, सगळं ड्रायव्हरच बघतो. तर चेहरा असा केला, जसं मी म्हटलं की घराला मागची भिंत नाही."

"मग?"

"मग मी पुढे गेलो. फाट्याचं स्टेशन यायच्या आधी घोषणा करावी लागते ना. पुढचे चार डबे शहराला, मागचे चार बंदराला, ज्यांना जिकडे जायचंय त्यांनी तिकडे बसावं. गाडी तिथे चार मिनिटं थांबते, मधून सुटते, अर्धी इकडे अर्धी तिकडे. रोजचंच आहे. फाट्यानंतर परत आलो तर जागेवर रुमाल. मला वाटलं, हात धुवायला गेले असतील."

"शहरात पोचल्यावर बघितलं नाहीस?"

तपासनिसाचा घास थांबला. "नाही बघितलं, ताई. पलीकडच्या आसनाखाली कुणाची तरी मधाची बरणी फुटली होती. मुंग्यांच्या आधी मी पळालो. ते चारही डबे धुवायला काढले. अजून शेडमध्येच आहेत. त्यांच्याऐवजी दुसरे लावलेत."

"दुसरे," सापडताई म्हणाल्या. "म्हणजे सकाळी शहरात आलेले ते चार डबे अजून एकदाही फाट्यावर परत गेलेले नाहीत?"

"कसे जातील? एरवी तासाभरात जातात. बंदरावरून येणाऱ्या चारांना फाट्यावर जोडले जातात आणि आठ मिळून विमानतळाला. आज नाही."

सापडताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते.

"बाई," त्या म्हणाल्या, "पायात काय आहे तुमच्या? चालता येईल ना? गाडी पकडायचीय."

४

पण बाई हलल्या नाहीत.

"कुठे जायचं? आधी सांगा. दोन तासांत माझी मुलगी बोहल्यावर उभी राहणार आहे. मी बाबांना शोधत भलतीकडे गेले आणि तिच्या लग्नालाही पोचले नाही, तर मी त्यांचीच मुलगी ठरेन."

ते खरंच होतं. सापडताईंनी घाई केली नाही. एकेक वस्तू त्यांनी खिडकीच्या फळीवर मांडली, जशा त्या हिशेब लागेना झाला की मांडत.

"कानाचं यंत्र बॅगेत. म्हणजे याची घोषणा त्यांना ऐकू गेली नाही. गाडी मधून सुटणार हे त्या डब्यात फक्त त्यांनाच माहीत नव्हतं. त्यांच्या काळात प्रवासी गाडी अशी सुटत नव्हती. बरोबर?"

"बरोबर," तपासनीस म्हणाला.

"आणि त्यांना कळलं, की गाडीच्या मागे कुणी नाही. अडतीस वर्षं जो माणूस मागे उभा राहिला, त्याला हे ऐकून पुढच्या डब्यात स्वस्थ बसवेल? ते रुमाल टाकून उठले, आणि आतल्या आत चालत शेवटच्या डब्यापर्यंत गेले. नुसतं बघून यायला. मागचा दिवा लागलाय ना."

बाईंनी डोळे मिटले. "गेलेच असणार," त्या म्हणाल्या. "दिवा बघायला गेलेच असणार."

"तोवर फाटा आला. गाडी सुटली, पुढचे चार डबे निघून गेले. बॅग त्यांच्यात."

"मग ते बंदराला पोचले असतील!" जावईबापू उठलेच. "मी टॅक्सी करतो."

"बसा हो. तुम्ही पोचला असता बंदराला, मीही पोचले असते. पण गार्डासमोर गाडीचे दोन तुकडे झाले तर तो काय करतो?" ताईंनी तपासनिसाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. ते जुने नियम त्याला कुणी शिकवले नव्हते. "तो खाली उतरतो आणि जिथे गाडी तुटली तिथेच उभा राहतो. दुसरा अर्धा भाग परत येईपर्यंत जागा सोडत नाही. त्यांना वाटणार, पुढचे चार डबे इथेच परत येणार. आणि वाटलं ते चूक नव्हतं. रोज येतातच. फक्त आज मध सांडला."

"पण चार तास?" बाई म्हणाल्या. "कुणाला विचारायचं नाही का? दुसऱ्या गाडीनं शहरात यायचं!"

"येऊन जाणार कुठे? हॉटेलचं नाव बॅगेत, फोन बॅगेत. आणि विचारायचं कुणाला? फाट्यावर माणूस नाही, तिकिटाचं यंत्र तेवढं आहे. प्रवाशाला विचारलं तर प्रवासी काय म्हणेल? आजोबा हरवलेत. तुमचे बाबा हे कुणाला म्हणू देतील?"

केसांचा मोकळा राहिलेला अर्धा भाग पिळून बाईंनी अंबाड्यात खुपसला.

"चारची गाडी फाट्यावर किती वाजता जाते?"

"चार पंचविसला," तपासनीस म्हणाला. "परतीची पाचला. साडेपाचला इथे."

"अहो," बाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही हॉटेलवर जा. पोरीला सांगा, आई आजोबांना आणायला गेलीय. आणि या वेळी खरं तेच सांगा."

सापडताईंनी खिडकीचं दार ओढून घेतलं. एकतीस वर्षांत भर दुपारी पहिल्यांदाच.

गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. शहराच्या मागच्या बाजू सरकत गेल्या: वाळत घातलेले कपडे, गॅलरीतल्या कुंड्या, कुणाच्या तरी खिडकीत बसलेलं मांजर. मग मोकळी शेतं आली. बाई कानाच्या यंत्राची डबी मुठीत घट्ट धरून होत्या. मधेच म्हणाल्या, "ताई, तुमचं चुकलं असेल तर?"

"तर तुम्ही साडेपाचला लग्नात असाल आणि मी पुढे बंदराला जाईन," सापडताई म्हणाल्या. "वस्तू सापडेस्तोवर मी नोंद बंद करत नाही."

फाटा आला. दारं उघडली. दोघी उतरल्या आणि गाडी निघून गेली.

फलाटावरचा बाक रिकामा होता. त्याच्या पलीकडचाही.

५

वारा सुटला होता. तिकिटाच्या यंत्राचा लहानसा हिरवा दिवा सोडला तर तिथे जागं असं काही नव्हतं.

"नाहीत," बाई म्हणाल्या. आवाज अगदी लहान मुलीचा झाला होता. "बघा, नाहीतच."

"तुम्ही प्रवाशांच्या जागी बघताय," सापडताई म्हणाल्या. "गाडीची शेपटी कुठे येते?"

बाईंची नजर फलाटावरून सरकत गेली. छपराच्या पुढे, बाकांच्या पुढे, जिथे फलाट उतरता होऊन गवतात शिरतो तिथवर. तिथे उन्हात एक उंच, किडकिडीत माणूस पाठमोरा उभा होता. हात मागे बांधलेले. मान रुळांकडे.

बाई धावल्या. सापडताई मागेच थांबल्या. त्यांचं काम झालं होतं. पण वारा तिकडून इकडे येत होता आणि बाईंना ओरडूनच बोलावं लागत होतं, म्हणून त्यांना सगळं ऐकू आलं.

"बाबा!"

म्हातारे वळले नाहीत. बाईंनी जाऊन बाहीला धरलं, तेव्हा दचकले. मग चेहरा उजळला आणि लगेच ओशाळला.

"चिमणे? तू कशाला आलीस? मी येतच होतो. चार डबे यायचेत अजून. नंबर आहेत माझ्याकडे." त्यांनी तळहात दाखवला. तळहातावर पेनानं चार आकडे लिहिले होते. "सात गाड्या आल्या. प्रत्येकीचे बघितले. हे चार नाही आले."

बाईंनी डबी उघडली आणि यंत्र त्यांच्या कानात बसवलं. पहिल्यांदा उलटं बसलं, म्हणून दोनदा करावं लागलं.

"ते येणार नाहीत, बाबा. धुवायला गेलेत. तुमची बॅग माझ्याकडे आहे."

"बॅग पोचली?"

"बॅग पोचली. तुम्ही नाही पोचलात. चार तास उन्हात उभं राहतं का कुणी? पाणी प्यायलात? काही खाल्लंत? एका बाकावर बसता येत नव्हतं?"

"बाकावरून शेवटचा डबा दिसत नाही."

बाईंना हसू आलं आणि दुपारभर थोपवून धरलेलं काजळ त्याबरोबर गालावर उतरलं. "मला वाटलं, परत गेलात," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी केलंत तसं."

रुळांवरून एक पक्षी उडाला, दुसऱ्या रुळावर जाऊन बसला.

"तुझ्या वेळी," ते हळूच म्हणाले, "मी रजा घेतली होती, चिमणे. कपडे करून स्टेशनात बसलो होतो. रात्रीची गाडी घेऊन आलो होतो आणि सकाळी माझ्या जागी बदली गार्ड यायचा होता. तो आलाच नाही. गाडीत सहाशे माणसं. सोडून कसा येणार?"

"मग सांगितलं का नाहीत मला? सव्वीस वर्षं!"

"काय सांगायचं? दुसऱ्याचं नाव घेऊन आपली चूक झाकायची? तुझं लग्न होतं, मी नव्हतो. तेवढंच खरं."

दूरवर रूळ गुणगुणायला लागले. पाचची गाडी वळणावर दिसली. म्हाताऱ्यांचे डोळे आपोआप तिकडे गेले. ओठ आकडे जुळवायला लागले. पाय मात्र जागचे हलेनात. बाईंना ते दिसलं. बॅग मिळालेली होती, मुलगी समोर उभी होती, तरी हा माणूस फलाटाच्या त्या टोकावरून पाऊल उचलू शकत नव्हता.

बाई सरळ उभ्या राहिल्या. डोळे पुसले. लहानपणी खोलीच्या दारात उभं राहून वडिलांचा गणवेश बघत, तशा त्यांच्या समोर उभ्या राहिल्या.

"गार्डसाहेब," त्या म्हणाल्या, "बदली आलीय."

म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं.

"कोण?"

"मी. आता इथलं मी बघते. तुम्ही मोकळे."

गाडी आली, थांबली. म्हातारे शेवटच्या डब्याकडे बघत राहिले, मागचा लाल दिवा लागलाय याची खात्री करून घेतली. मग त्यांनी मुलीकडे पाहून मान तुकवली, दुसऱ्या गार्डाच्या हाती गाडी सोपवताना तुकवत तशी, आणि तिच्यामागून पुढे चालत जाऊन, तिनं धरलेल्या शहराच्या डब्याच्या दारातून आत चढले.